चार इंची

चार इंची म्हणजे चार इंची नसतं, तौसिफ, हे आधी ऐकून ठेव.
बिडाच्या पाइपाचं चार इंच आतून मोजलेलं,
पीव्हीसीचं एकशे दहा बाहेरून,
आणि त्याआधीचा तो तपकिरी खापरी पाइप,
त्याचं माप भट्टीच्या मर्जीवर.
तिघंही एकाच न्हाणीखाली झोपलेत
आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

उत्तरेश्वर पेठेत, साळोख्यांच्या घरात
शहाबादी फरशी पहारीनं उचलली
तर आधी झुरळं आली. मग वास.
हौसाक्का उंबऱ्यात, नाकाला पदरसुद्धा न लावता:
"अकरा वर्षं हुंगालोय मी. तू आज आलास."

अकरा वर्षं भिंतीला ओल.
दोष पलीकडच्या निगवेकरांच्या मोरीला.
त्या ओलीपायी बोलणं तुटलं, संक्रांतीचं वाण तुटलं,
मधल्या बोळाला पत्र्याचं दार बसलं
आणि दाराला आतून कुलूप.

चाळीस फुटाला एक फूट उतार, पोरा.
कमी दिलास तर तुंबतं,
जास्त दिलास तर पाणी पुढं पळतं, मैला मागं राहतो.
सॉकेटचं तोंड येणाऱ्या पाण्याकडं.
खालच्यानं आ वासायचा, वरच्यानं घास भरवायचा.
उलटं बसवलंस
तर प्रत्येक घोट ओठाशी अडखळणार
आणि थेंब थेंब बाहेर सांडणार.

धुण्याच्या दगडाखाली तिसरा जोड.
उलटा.

"कुठल्या खुळ्यानं बशिवलाय ह्यो?" तौसिफ हसला.
मी छिन्नीनं शिसं उकरत होतो.
शिशाच्या मागं ताग असतो, तेलात भिजवलेला, पिळून ठासलेला.
तागाच्या जागी खाकी निघालं.
काळं पडलेलं, कुजलेलं,
पण शिवण शाबूत:
शाळेच्या चड्डीचा खिसा.

त्या दिवशी सोमवार, लक्ष्मीपुरीतली दुकानं बंद.
बाबालालचाचा खासबागेत कुस्त्या बघायला गेलेला.
मी नववी नापास होऊन महिना झालेला,
चड्डीचा तसाही उपयोग उरला नव्हता.
ताग संपला होता. शिसं तापून तयार होतं.
संध्याकाळी चाचा आला, जोडावर हातोडी मारली,
टण्ण वाजलं,
"बेस," म्हणाला, आणि बिडी पेटवली.

पंधरा वर्षं तो खिसा पाणी अडवून बसला.
मग दमला.

मी काही बोललो नाही. ब्लेड लावलं, जुना तुकडा कापून काढला.
रबरी कपलर, दोन्ही अंगाला स्टीलचे पट्टे.
बिडाकडचा पट्टा आधी आवळ, पण सावकाश,
जुन्याला एकदम धरलं की चीर जाते.

हौसाक्कांनी बादलीत नीळ कालवली.
कुलूप गंजलेलं, म्हणून पत्र्याच्या दारावरून उडी मारून
मी बोळातल्या चेंबरवर ओणवा.
"सोडा!"
पाच. सहा. सात.
आठाला निळं पाणी आलं,
न थांबता, न खाकरता, गेलं दुधाळीच्या दिशेनं.
त्याच चेंबरात डावीकडून निगवेकरांचा पाइप येत होता.
त्याच्या जोडाला बोट लावून पाहिलं.
कोरडा. अकरा वर्षं कोरडा असणार.

परत येऊन खिसा दगडावर ठेवला
आणि जे होतं ते सांगितलं.
हौसाक्का कितीतरी वेळ त्या चिंधीकडं बघत राहिल्या.
मी म्हटलं, मजुरी नको.
"मजुरी घे," त्या म्हणाल्या, "काम केलंयस.
आणि हे मला काय सांगालाईस?
जा, पलीकडं जाऊन सांग.
आणि कुलपात तेल सोड जाताना."

कुलपात दोन थेंब सोडले. उघडलं नाही अजून.
मी गल्लीनं वळसा घातला.
निगवेकरांच्या दाराशी, हात कोपरापर्यंत बरबटलेले,
बेल नवीन, पांढरीशुभ्र.
कोपरानं दाबली.